आमेन म्हणेपर्यंत

देवाने आपल्याला संकटातून नेमकं कसं सोडवावं, याच्या सूचना त्याला देण्याची मला फार खोड. वयाने आता थोडी कमी झाली आहे. गेली असं म्हणवत नाही. ठाण्याला मिशनच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत असे. दिवसभर "सरळ बस, हात जोड, तोंड मीट" असं सांगून सांगून माझ्या जिभेला हुकमाचं वळण पडलं होतं, आणि संध्याकाळी गुडघे टेकले तरी ते वळण काही सुटत नसे. "प्रभू, पलीकडच्या बाईंचा दमा बरा कर, पण त्याआधी त्यांच्या तोंडाचं काहीतरी बघ," असल्या माझ्या प्रार्थना. ऐकणाऱ्याची कमाल म्हणायची.

प्रार्थनेच्या बाबतीत माझा एक कायदा होता. डोळे मिटले की आमेन म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत आणि मधे कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. छप्पर कोसळलं तरी नाही. "मामलेदारांपुढे उभ्या राहिलात तर मधेच तोंड फिरवून शेजारणीला 'आज कालवण काय?' असं विचाराल का गं? मग देवापुढे का विचारता?" हे माझं भाषण शाळेतल्या सगळ्या मुलींना पाठ होतं. एकदा एका मुलीच्या पायावर मुंगळे चढले, तरी ती बिचारी ओठ चावून आमेनपर्यंत बसून राहिली. मी साऱ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं. तिच्या आईने दुसऱ्या दिवशी येऊन माझं जे कौतुक केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्या पोटच्या पोरीला तर हा कायदा शाळेत आणि घरी असा दोनदा ऐकावा लागे. ती तेव्हा आठ वर्षांची. तिचे वडील ती रांगत होती तेव्हाच प्रभूकडे गेले. टेंभी नाक्याजवळच्या खोलीत आम्ही दोघीच राहत होतो, म्हणजे एक हुकूम सोडणारी आणि एक तो पाळणारी.

मग मुंबईकडून गाठीचा ताप आला. आमच्या आळीत भरदिवसा उंदीर बाहेर येऊन झिंगल्यासारखे गोल फिरत आणि तिथेच मरत. लोक घरांना कुलपं घालून शेतात झोपड्या बांधून राहू लागले. शाळा बंद झाली. मी भेटेल त्याला "भिऊ नका, देव आहे" असं सांगत हिंडत होते आणि घरी येऊन सकाळ-संध्याकाळ पोरीची मान, काखा, जांघा चाचपत होते. त्यातच एका सकाळी तिच्या जबड्याखाली सूज माझ्या हाताला लागली.

कपाळावर हात ठेवला तर अंग कोमट. तिची एक दाढ किडली होती आणि बरेच दिवस ठणकत होती, हे खरं. "दाढच आहे ना गं?" मी विचारलं. "दाढच आहे," ती म्हणाली. तिला बिचारीला काय कळणार? मला दाढ हवी आहे हे मात्र तिला कळलं असावं. मग दोघींनी मिळून दाढ ठरवून टाकली.

पण दाढ असो की आणखी काही, तपासणीवाल्यांच्या नजरेला पडली तर ते पोर उचलून नेतील, हे नक्की होतं. त्या दिवसांत कल्याण स्टेशनावर मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी थांबवत, उतारूंना खाली उतरवून डॉक्टर तपासत, आणि जरा संशय आला की सरळ छावणीत पाठवत. माझी मावसबहीण कल्याणला तळ्याकाठी राहत होती. तिकडे अजून उंदीर पडले नव्हते. तेव्हा मी बेत केला तो असा: आपण एकटीने आगगाडीने कल्याणला जायचं, बहिणीकडे खोलीचं पक्कं करायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला खाडीतून होडीने न्यायचं. होडीत कोण कुणाची मान चाचपतो? एवढी हुशारी मी केली होती की देवाला त्यात करायला काही उरलंच नव्हतं. तरी माझ्या पद्धतीप्रमाणे मी त्याला सगळा बेत नीट समजावून सांगितला.

पोरीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. मिशनची माणसं पांगली होती. राहिली आमची कोळीण. ही म्हातारी चेंदणीच्या कोळीवाड्यात राहायची आणि रोज पाटी घेऊन आमच्या दारावर यायची. तिला प्रभूच्या मार्गाला लावण्याचा माझा प्रयत्न कित्येक वर्षं चालू होता. मी एका हाताने कोलंबी निवडत तिला तारणाविषयी सांगत असे. ती सगळं शांतपणे ऐकून घेई आणि शेवटी, "घे गो बाय, ही आनखी मूठभर घे," म्हणून जास्तीची कोलंबी टाकून उठून जाई. लाच देऊन उपदेश थांबवते आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी कोलंबी घेत होते आणि बी रुजतंय असं समजत होते.

त्या सकाळी पोरीला घेऊन मी तिच्या झोपडीशी गेले. म्हातारीने पोरीचा जबडा बघितला, माझं तोंड बघितलं, आणि म्हणाली, "ठेव हितं. सांजच्याला ये."

"संध्याकाळपर्यंत येतेच," मी पोरीला म्हणाले. "तोवर देवाला सांगत राहा. आईला सुखरूप आण म्हणावं. आणि कायदा लक्षात आहे ना?"

तिने मान हलवली. दाढ ठणकत होती म्हणून ती बोलली नाही, असं मला वाटलं. मी तरातरा स्टेशनाकडे निघाले.

कल्याणला गाडी थांबली, सगळ्यांना उतरवलं, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. बायकांसाठी फलाटाच्या कडेला कापडाचा आडोसा केला होता. आत एक गोरी डॉक्टरीणबाई आणि तिच्या हाताखाली एक आया. रांग लांबलचक. वरून ऊन असं की तव्यावर बसल्यासारखं वाटावं. उभं राहून राहून पाय भरून आले तेव्हा मी आपल्या बोचक्यावर टेकले आणि विचार केला, वेळ जातोच आहे तर प्रार्थना करून घ्यावी. मान खाली घातली, डोळे मिटले.

आधी पोरीची दाढ सांगितली. मग बहिणीची खोली, ती हवेशीर असावी वगैरे. मग शाळा. मग शाळेतल्या मुली, एकेक करून. इतक्यात कानावर आलं, "बाई, उठा, तुमची पाळी." कायदा म्हणजे कायदा. मी उठले नाही. "ओ बाई!" परत आलं. मी आवरतं घ्यायला लागले, पण माझ्या प्रार्थना चटकन आवरण्यातल्या नव्हत्याच. शाळेनंतर शहर येई, शहरानंतर आजारी आणि अनाथ, आणि सर्वांत शेवटी सरकार, त्याला देवाने सुबुद्धी द्यावी म्हणून. मी सरकारपर्यंत पोहोचले होते, तेवढ्यात सरकारचा हात माझ्या कपाळावर आला.

उन्हाने कपाळ तापलेलं, मान छातीवर पडलेली, घाम निथळतोय, ओठ पुटपुटतायत आणि हाक मारली तर ओ नाही. आया म्हणाली, "ही तर वातात बरळायला लागली."

त्यावर मी डोळे न उघडता, मोठ्याने आणि चांगलं ठासून "आमेन!" म्हटलं. मग ताडकन उठले आणि जे बोलायला सुरुवात केली ते विचारू नका. मी बरळत नाही, मी परमेश्वराशी बोलत होते, आणि तुम्हाला लाज वाटायला हवी, असं सगळं मी मराठीत आणि येत होतं तेवढ्या इंग्रजीत ऐकवलं. डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात बारीकसा क्रूस होता. मला वाटलं, ही तरी समजेल. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर मायेने थोपटलं, "हो हो," म्हणाली, आणि डोलीवाल्यांना खूण केली. डोलीत बसताना मी भांडले, आणि तापात माणसं अशीच भांडतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

अशा रीतीने कल्याणच्या बाहेर माळावर चटयांच्या झोपड्यांच्या छावणीत मी जाऊन पडले. ताप नव्हताच, तो दुसऱ्या दिवशी कुठून असणार! पण एकदा आत आलेल्याला दहा दिवस नजरेखाली ठेवल्याशिवाय सोडायचं नाही, असा नियम होता. मी फाटकावरच्या शिपायाला म्हटलं, निदान ठाण्याला निरोप तरी धाडा, माझी लेक दुसऱ्याच्या दारात आहे. तो म्हणाला, "बाई, आतलं काहीच बाहेर जायचं नाही." निरोपाला कसली गाठ येते, असं मी विचारलं. बहिणीला तर मी येणार हेही ठाऊक नव्हतं. तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मी अडकले होते आणि ती बापडी कुठे कोथिंबीर निवडत बसली असेल.

मग मी देवाच्या मागे लागले. तुरुंगाची दारं आपोआप उघडल्याच्या, भूकंपाने बेड्या गळून पडल्याच्या गोष्टी मी वर्गात इतक्या रंगवून सांगत असे की एका मुलीने तर एकदा तुरुंगात जायची इच्छाच बोलून दाखवली होती. तेव्हा पहिल्या दिवशी मी भूकंप मागितला. लहानसा, कुणाला इजा न होता, फाटकापुरता. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मी जरा खाली उतरले आणि म्हटलं, भूकंप राहू दे, त्या शिपायाच्या मनात दया घाल. शिपायाच्या मनात काय आलं देव जाणे, पण त्याने मला फाटकाजवळ यायला बंदी केली. मग मी म्हटलं, वारा तरी सोड. या चटयांच्या भिंती त्या कसल्या, तुझ्या एका फुंकरीच्या! आणि सांगायचं म्हणजे दुपारी खाडीकडून खरंच वारा सुटला. माझी छाती अभिमानाने भरून आली. माझ्या झोपडीची चटई कडकड करत सुटली आणि बांबूसकट माझ्याच डोक्यावर आली. मला ओढून बाहेर काढलं आणि दुसऱ्या झोपडीत नेऊन टाकलं. ती झोपडी फाटकापासून आणखी लांब होती.

त्या झोपडीत माजिवड्याकडची एक आगरीण होती. मिठागरावर जन्म गेलेला, आवाज असा की दोन शेतांपलीकडची म्हैस उठून उभी राहावी. तिलाही माझ्यासारखंच, काही नसताना धरून आणलं होतं. ती सकाळी उठून आपल्या गावदेवीला दोन शिव्या हासडायची, "मना हितं कशाला बशिवलंस गो?" असं एकदा विचारायची, आणि मग दिवसभर त्या विषयावर शब्द काढायची नाही. मी मात्र सकाळ, दुपार, संध्याकाळ गुडघ्यावर. एकदा ती वैतागली.

"कवापासून काय सांगतेस गो तुज्या देवाला?"

"माझ्या लेकीला वाचव, असं."

"मंग येकदा सांगितलंस ना? ऐकू येत नाय काय त्याला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. प्रार्थना म्हणजे काय, चिकाटी म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय. ती ऐकता ऐकता घोरायला लागली. मला राग आला तो तिचा नव्हताच. मी रोज इतकं का सांगत होते? मला वाटत होतं की मी थांबले की तो विसरेल. शाळेतल्या पोरींसारखंच त्याच्याही डोक्यावर उभं राहिल्याशिवाय काम होणार नाही, असा माझा विश्वास! आणि अशी मी दुसऱ्यांना विश्वास शिकवायची.

दिवस जात राहिले तशी माझी ही मिजास उतरली. कारण एकच विचार मागे लागला होता: ती दाढ नसली तर? सूज मी हाताने चाचपली होती. ती जबड्याखाली होती की मानेत? अंग कोमट होतं की तापलेलं? आठवायला जावं तशी ती सूज आणखी आणखी मानेत सरकत होती. छावणीच्या पलीकडच्या अंगाला इस्पितळाची झोपडी होती, तिथून रोज काही ना काही उचलून नेत. मी तिकडे पाठ करून बसत असे. ज्या पोरीला डोळ्यांत तेल घालून जपलं, तिला मी गाठीसकट म्हातारीच्या दारात टाकून आले, आणि आता ती आहे की नाही हेही मला कळायला मार्ग नाही. मला रडू कोसळलं. आगरीण माझ्याजवळ सरकून बसली आणि आपल्या पदराने तिने माझं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. मी पुसू दिलं.

शेवटल्या दिवशी सकाळी मी डोळे मिटले आणि मला काही सुचेना. भूकंप नाही, वारा नाही, शिपाई नाही. सरकार तर नाहीच. पोरीचं नावसुद्धा ओठांवर येईना, कारण नाव घेतलं की रडू येई. आयुष्यात पहिल्यांदा देवापुढे माझ्या तोंडाचा पट्टा बंद पडला. मी नुसती बसून राहिले. तुझ्या हातात आहे ती, एवढंच आतून येत होतं, आणि तेही शब्दांत नव्हतं. किती वेळ गेला कळलं नाही.

एकदम बरगडीत कोपर बसलं. "अगो ये बाय! तुजा देव मंग, आदी तुजा नाव पुकारतान!"

फाटकावर सुटलेल्यांची नावं वाचत होते. दारं आपोआप उघडली नव्हती. शिपायाने जांभई देत एक फळी उचलली होती, इतकंच. माझं नाव दोनदा पुकारून झालं होतं आणि मी परत तिथेच, डोळे मिटून, ओ न देता! मी उठले ती पदर सावरत पळतच सुटले. आगरिणीचा निरोपसुद्धा धड घेतला नाही. "जा, जा, पल!" ती मागून ओरडली, आणि तिचा आवाज मला रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

बहिणीकडे गेले नाही. सरळ स्टेशन गाठलं. गाडीत मी खिडकीशी डोळे टक्क उघडे ठेवून बसले. पापणी लवली तरी कुणीतरी डोलीत घालील, अशी धास्ती बसली होती. मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला, तेव्हा कुणाला दिसत नाही म्हणून घाईघाईने मिटून घेतले. पण काही बोलायच्या आत उजेड आला.

ठाण्याला उतरून चेंदणीच्या दिशेने निघाले. इतके दिवस इथे यायला तडफडत होते, आणि आता कोळीवाड्याच्या तोंडाशी आल्यावर वाटायला लागलं, जरा हळू चालावं. जोवर कळत नाही तोवर ती आहे. म्हातारी झोपडीपुढे बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. मला बघितल्यावर तिने हातातले बोंबील तसेच पाटीत टाकले.

"आता येतंस? सांजच्याला येते बोललीस ना गो?"

मी नुसता गळ्याला हात लावून दाखवला. म्हणजे गाठ.

"गाठ कसली! दाढ होती ती," म्हातारी म्हणाली. "जाल्याचा दोरा बांधून मीच काढली. घान गेली, सूज गेली. पन बाय..." ती जवळ आली, आणि तिचा आवाज उतरला. "पोर मुकी झाली गो."

"मुकी म्हणजे?" मी तिचा हात धरला.

म्हातारीने सांगितलं ते असं. मी गेले त्या सकाळपासून पोरीने एक अक्षर काढलं नव्हतं. पहिल्या दिवशी तर डोळेही मिटून बसली होती आणि जेवायलाही उघडेना. शेवटी म्हातारीने दम दिला की डोळे मिटून मासे खाल्लेस तर काटा घशात अडकून मरशील, तेव्हा उघडले. पण तोंड नाही ते नाहीच. दाढ उपटली तरी हूं की चूं केलं नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. मग एक दिवस घरं तपासणारे कोळीवाड्यात शिरले. पोरीचा गाल अजून उतरला नव्हता. म्हातारीने तिला होडीत नेऊन जाळ्याखाली घातलं. शेजारच्या होडीतलं पोर रडलं आणि सापडलं. तपासणारे हिच्या होडीला अगदी हात टेकून उभे होते, तरी जाळं हललंसुद्धा नाही. "मी बोलली, पोर मोठी शानी," म्हातारी म्हणाली. "मंग ते गेले, तरीपन बोलेना. आमच्या देवीला नारल दिला, दिष्ट काढली, तुज्या देवालापन हात जोडले. काय उपेग नाय." एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा बघत होते.

पोर खाडीच्या काठाला, उलट्या घातलेल्या होडीवर बसली होती. माझ्याकडे पाठ. मी हाक मारली, तशी तिने मान वळवली. गाल सपाट. उन्हाने रापलेली, अंगावर कोळिणीच्या नातीचं लुगडं गुंडाळलेलं, केसांना मासळीचा वास. ती उतरली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला खालपासून वरपर्यंत निरखून बघितलं. खरंच मीच आहे ना, पुरी आहे ना, हे पडताळून बघत असावी.

"बोल ना गं बाळ," मी म्हटलं. "काहीतरी बोल."

तिने हात जोडले.

"आमेन," ती म्हणाली.

आणि मग जे धरण फुटलं म्हणता! आजीने दाढ दोऱ्याने ओढली, ही बघ मी ठेवलीय, असं म्हणून तिने मूठ उघडून दाखवली. जाळ्याखाली एक खेकडा होता आणि तो तिच्या पायावर चढला होता. आजी झोपेत दात खाते. रोज रोज त्या चिखलातल्या निवट्यांचं कालवण, मला निवट्या नको आहेत आता. तू कुठे होतीस? एवढा उशीर कुणी करतं का? मी तिला पोटाशी घट्ट धरलं होतं आणि ती माझ्या पदरात तोंड खुपसलेलं असतानाही बोलतच होती.

"अगं, मग इतके दिवस का नाही बोललीस? आजी घाबरली ना!" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात ढ मुलीकडे बघते. "आमेन म्हणेपर्यंत मधे बोलायचं नाही ना? तूच म्हणालीस. मी देवाला म्हटलं, आईला आण. मग तू आलीच नाहीस. तू आल्याशिवाय आमेन कसं म्हणू?"

म्हातारी कमरेवर हात ठेवून हे सगळं ऐकत उभी होती. पोरीचं म्हणणं समजायला तिला जरा वेळ लागला. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता परत डोळे पुसायला लागली.

"म्हंजे पोर मुकी नव्हती गो," ती म्हणाली. "बोलतच होती. माज्याशी नाय, येवढंच."

छावणीत मी भूकंपाला आमेन म्हटलं होतं, वाऱ्याला म्हटलं होतं, शिपायाला म्हटलं होतं. मागितलं की आमेन म्हणून मोकळी, आणि वस्तू आली नाही की पुढची मागणी. या एवढ्याशा जिवाने एकच मागितलं आणि ते पदरात पडेपर्यंत धरून ठेवलं.

"तुझं झालं का गं?" पोरीने एकदम विचारलं.

"काय?"

"आमेन. तू पण माझ्यासाठी मागत होतीस ना?"

तेव्हा कुठे मला आठवलं. सकाळी नाव पुकारलं तशी मी अर्ध्यातून उठून पळाले होते. छप्पर कोसळलं तरी न मोडणारा कायदा मी एका कोपराच्या धक्क्याने मोडून आले होते आणि माझ्या ध्यानातही नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "माझं राहिलंच."

"मग म्हण ना!"

मी हात जोडले. डोळे काही मिटले नाहीत. तिच्याकडेच बघत राहिले, आणि म्हटलं.